हँडलवाला रेडिओ घ्यावा की सोलरवाला?

नागपूरला अंबाझरी लेआऊटमध्ये राहतो. 2023 च्या 23 सप्टेंबरला पहाटे तलाव ओसंडला अन् नाग नदीचं पाणी थेट हॉलमध्ये. लाईट गेली, मोबाईल 4 टक्क्यांवर. आईचा जुना रेडिओ काढला तर सेल पाझरून स्प्रिंगा हिरव्या पडलेल्या. आता नवा घेतो आहे. पेंचच्या जंगलाकडे मुक्कामाला नेता आला तर बरं. कोणता घ्यावा?

उत्तर : भाऊ, सोलरच्या भरवशावर राहू नका. पट्टी असते काडेपेटीएवढी, अन् पुराच्या दिवशी ऊन कुठून आणता? माझा मे महिन्यात गच्चीवर विसरलो, आतला लिथियम सेल पोट फुगवून बसला. हँडल मिनिटभर फिरवलं की थोडा वेळ बातम्या ऐकता येतात, पण गिअर प्लास्टिकचे असतात, दमानं फिरवा. पेन्सिल सेलचीही सोय असलेला घ्या. सेल मात्र बाहेर, डबीत.

उत्तर : नुसता एफएमवाला घेऊ नका बाप्पा! शहरापासून लांब गेलं की एफएम विरतं. मीडियम वेव्हवर आकाशवाणी नागपूर 585 किलोहर्ट्झला आहे, ते दूरवर लागतं. खरखर आली तर अँटेनाची दांडी ओढत बसू नका, ती एफएमची. मीडियम वेव्हचा अँटेना म्हणजे फेराइटची कांडी, ती आत आडवी असते, म्हणून अख्खा रेडिओच फिरवून पाहा.

प्रश्नकर्ता : काल बर्डीच्या बाजारातून आणला, हँडल अन् पेन्सिल सेल दोन्हीवाला. 585 लागलं. करकर ऐकून आई स्वयंपाकघरातून म्हणते, "काय दळून राहिला रे?"