हरित राजकारण चर्चागटात शिकता येतं का?

काठावरचा: "पर्यावरणाचा एवढा पुळका असेल तर पक्षात या," असं परवा एकाने मला सुनावलं. मला उलटं वाटतं. फेब्रुवारी 1975 मध्ये जर्मनीतल्या वील गावी अणुभट्टीची नियोजित जागा द्राक्षमळेवाल्यांनी आणि आसपासच्या लोकांनी ताब्यात घेतली. तिथेच लाकडी घर उभारून लोकविद्यापीठ चालवलं. किरणोत्सर्ग म्हणजे काय, हे शेतकरी थेट शास्त्रज्ञांना विचारत. तिथला हरित पक्ष, म्हणजे पर्यावरणवाद्यांचा 'ग्रीन्स', निघाला 1980 मध्ये. आधी शाळा, मग पक्ष.

मतपेटी: भट्टी व्याख्यानांनी थांबली नाही हो. माणसं ठाण मांडून बसली, 1977 मध्ये फ्रायबुर्गच्या न्यायालयाने बांधकाम रोखलं. 1983 च्या संसद निवडणुकीत हरित पक्षाला 5.6 टक्के मतं आणि 27 खासदार मिळाले, तेव्हा कुठे बाकीचे पक्ष दखल घेऊ लागले. आपल्याकडे चर्चागट म्हणजे चहा, खुर्च्या आणि नदीवर कविता. आमच्याकडे टेकडी वाचवण्याबद्दल वर्षभर चर्चा झाली. विकास आराखड्यावर हरकत नोंदवायची मुदत कधी संपली, कुणाला पत्ताच नाही!

बांबूबेट: मेंढा-लेखा विसरलात. गडचिरोलीतल्या या गावात अभ्यासगट वेगळा, ग्रामसभा वेगळी. गट कायदा वाचतो, जाणकाराला बोलावतो, वाद घालतो. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात राहिला. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, म्हणजे तो विकायचा हक्क गावाचा, हे गावाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून परवान्यासाठी अडून बसता आलं.

मतपेटी: आणि 2011 मध्ये परवाने द्यायला कोण आलं? केंद्रीय मंत्री जयराम रमेश. कायदाही संसदेतलाच.

काठावरचा: कायदा तर अख्ख्या देशाला होता. मग मंत्री मेंढ्यालाच का आले?

तिसरा मजला: शंभरेक घरांचं गाव आहे ते. आमच्या इमारतीत लिफ्टच्या रंगावर सहमती होत नाही.

बांबूबेट: म्हणून तर निर्णय गटाकडे नको म्हणतोय. वॉर्डात गटाने आराखड्याचा नकाशा वाचावा, टेकडीवर आरक्षण कसलं टाकलंय ते शोधावं, हरकतीचा मसुदा करावा. मत ज्याचं त्याने द्यावं, सही ज्याची त्याने करावी.

मतपेटी: मसुदा करणार असाल तर येतो. रविवारी चालेल, पण नकाशा छापील आणा, मोबाइलवर जमिनीचे गट नंबर दिसत नाहीत.