मदत हवी आहे: सीओएफचं बीईटी वर येतच नाही

खलबत्ता_नाही: मंडळी, सीओएफ (कोव्हॅलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क, बारीक छिद्रांची स्फटिक पावडर) बनवतोय. घाईत आहे, गाईडना लवकरच रिझल्ट दाखवायचाय. बीईटी (छिद्रांसकट पृष्ठभाग, चौरस मीटर प्रति ग्रॅम) जेमतेम ९० येतंय, पेपरात ५३५ आहे. एक्सआरडीत (स्फटिकपणा दाखवणारा क्ष-किरणांचा आलेख) २७ अंशांपाशी पसरट टेकडी, बाकी काही नाही. सॉल्व्हेंटचं प्रमाण बदलू की तापमान वाढवू? सीओटू शोषणं पण शून्याच्या आसपास. मिथिलीन ब्लू (निळा रंग) मात्र पाण्यातून मस्त ओढतंय.

आवर्तसारणी: कुठलं सीओएफ? ५३५ म्हणजे टीपीपीए-१ असणार. २०१२ चं, पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) गटाचं. रंग कसा आलाय?

खलबत्ता_नाही: हो तेच. तपकिरी-लाल.

कोल्हापुरी_केमिस्ट: फ्रीज-पंप-थॉ (मिश्रण गोठवून, हवा ओढून, वितळवणं) केलंत का? काचेची नळी ज्योतीने बंद केली की स्क्रू कॅपवर भागवलं? धुतलं कशाने? वाळवलं कसं? यातलं काही न सांगता प्रमाण विचारताय.

खलबत्ता_नाही: स्क्रू कॅप, नायट्रोजन सोडला होता. १२० अंश, तीन दिवस. डीएमएफ सॉल्व्हेंटने धुतलं, मग १०० ला ओव्हन. हे सगळे असंच करतात ना?

आवर्तसारणी: डीएमएफ १५३ ला उकळतं, ते छिद्रांत बसलं तर १०० ला सहज निघत नाही. टीएचएफ किंवा अॅसिटोनने सॉक्सलेट करा (उकळत्या सॉल्व्हेंटने पुन्हा पुन्हा धुणं), मग निर्वातात १२० ला रात्रभर. पण एक्सआरडीत ४.७ अंशांपाशी पीक (टोकदार शिखर) नसेल तर मुळात स्फटिकच झालेला नाही, धुऊन छिद्रं येणार नाहीत. त्या पीकपासून सुरुवात करा. आणि मिथिलीन ब्लूवर जाऊ नका, ते कणांच्या बाहेरच्या पृष्ठभागावरही चिकटतं.

घोटून_बघा: एवढी उठाठेव कशाला? खलात घोटा, सॉल्व्हेंटचे दोन थेंब टाका, ४५ मिनिटांत झालं. याच गटाची पद्धत आहे.

कोल्हापुरी_केमिस्ट: आणि त्याचं बीईटी? शंभराच्याही खाली. याला आधीच ९० मिळतंय, आणखी काय घोटू?

घोटून_बघा: मग २०१७ ची पीटीएसए (पॅरा-टोलुइन सल्फॉनिक आम्ल) पद्धत. अमाइन (सीओएफच्या दोन घटकांपैकी नायट्रोजनवाला) आणि हे आम्ल आधी घोटून क्षार करा, मग अल्डिहाइड (दुसरा घटक), थोडं पाणी, मातीसारखं मळून भाजा.

कोल्हापुरी_केमिस्ट: हे आधी सांगायचं होतं.

हवेतला_माणूस: सीओटूसाठी बीईटीच्या मागे कशाला लागता? २०२४ मध्ये अमेरिकेत बर्कलीला रसायनशास्त्रज्ञ ओमर याघींच्या गटाने सीओएफ-९९९ मध्ये अमाइनच्या साखळ्या लावल्या. बाहेरच्या हवेतून, दमटपणासकट, सीओटू ओढतं, ६० अंशांना सोडून देतं, शंभरावर फेऱ्या झाल्या. हवेत सीओटू ४०० पीपीएमच्या (दहा लाखांत ४०० भाग) थोडं वर, तिथे अमाइनच कामाचं, नुसती छिद्रं नव्हेत.

आवर्तसारणी: खरं आहे, पण आधी सांगाडा तर उभा राहू दे.

विहिरीकाठी: मस्त चर्चा. आमच्या बोअरला फ्लोराइड जास्त आहे. ही पावडर किलोने कुठे मिळेल? फिल्टरवाला नारळाच्या करवंटीचा कोळसा टाका म्हणतो.

आवर्तसारणी: नाही हो. ही पावडर मिलिग्रॅममध्ये बनते. कोळशाने फ्लोराइड फारसं जात नाही. अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचं विचारा, आणि पाणी तपासून घ्या.

खलबत्ता_नाही: विषय भरकटतोय. प्रमाण सांगा ना कुणीतरी. सॉल्व्हेंट मेसिटिलीन-डायऑक्सेन १:१ घेतलंय.

कोल्हापुरी_केमिस्ट: ते बरोबर आहे. तुम्ही वापरलेल्या अमाइनचा रंग काय?

खलबत्ता_नाही: काळपट-जांभळा. लॅबची जुनी बाटली आहे, तशीच वापरतात सगळे.

कोल्हापुरी_केमिस्ट: पॅरा-फेनिलीनडायअमाइन स्वच्छ असलं तर जवळपास पांढरं असतं. काळं म्हणजे हवेने ऑक्सिडाइझ झालंय, वजन केलं तरी खरं अमाइन कमीच पडतं. सब्लिमेशन (तापवून थेट वाफ करून शुद्ध करणं) करून घ्या, ताजं वापरा, आणि यावेळी नळी सील करा. प्रमाणाला हात लावू नका.

घोटून_बघा: बेसिक गोष्ट आहे, मी तेच सांगणार होतो.

खलबत्ता_नाही: सब्लिमेटर दुसऱ्या लॅबमध्ये आहे. उद्या मागतो. एक्सआरडी टाकतो इथेच.

विहिरीकाठी: अॅल्युमिनाचा भाव कुणाला माहीत आहे का?