मर्यादित रकमेत पहिला कॅमेरा: कोणत्या माउंटमध्ये पैसे गुंतवावेत?

वेलांटी:
नमस्कार. आजवर मी फोनवरच छायाचित्रे काढत आले आणि आता पहिला स्वतंत्र कॅमेरा घ्यायचे ठरवले आहे. हाताशी असलेली रक्कम बेताची आहे आणि ती एकदाच उभी राहणार आहे. पुढच्या दोन वर्षांत तीत फार तर एका लेन्सची भर पडू शकेल. म्हणूनच आज जे माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी, जिच्यावरून कोणत्या लेन्स बसतील ते ठरते) निवडेन त्याच्याशी मी बराच काळ बांधली जाईन, याची मला काळजी वाटते.

माझी बहीण नृत्य शिकवते. तिच्या सरावाच्या खोलीत, छताच्या दिव्यांच्या उजेडात, तिच्या विद्यार्थिनींची छायाचित्रे काढणे हे माझे मुख्य काम असेल. पक्ष्यांचीही आवड आहे, पण ती सुटीच्या दिवसापुरती. एका परिचितांचा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) त्यांच्या १८-५५ मिमी किट लेन्ससह (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या झूम लेन्ससह) मी आठवडाभर वापरून पाहिला. लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नव्हती (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते) आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० ठेवूनही शटर १/६० सेकंदाच्या वर जात नव्हते. चेहरा नीट येई, पण हातांच्या जागी फिरत्या पंख्याच्या पात्यांसारखा एक फिकट पट्टा उरे. फोनवरही हेच होत होते, त्यामुळे मी थोडी खट्टू झाले.

जुना डीएसएलआर घ्यावा, मिररलेसकडे (बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्याकडे) जावे, की थोडे थांबून पैसे साठवून मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेमच घ्यावा? आणि ज्या माउंटचे भविष्य संपत आले आहे असे म्हणतात, त्यात पैसे घालणे शहाणपणाचे आहे का?

मंदप्रकाश:
आपण आकडे दिलेत हे फार चांगले केलेत, कारण निम्मे उत्तर त्या आकड्यांतच आहे. एफ ५.६ वरून एफ १.८ वर गेलात तर लेन्समधून जवळजवळ दसपट प्रकाश आत येतो. म्हणजे त्याच खोलीत, त्याच दिव्यांखाली आणि त्याच आयएसओवर १/६० चे शटर १/५०० च्याही थोडे पुढे जाते. नाचणाऱ्या माणसाचे हात गोठवायला साधारण १/२५० ते १/५०० लागते. तुमची अडचण मुळात लेन्सची आहे. ज्या बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) तुम्ही नाराज झालात, तिच्याकडून याहून जास्त होण्यासारखे नव्हते.

फुल फ्रेमसाठी थांबू नका. क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवरून फुल फ्रेमच्या ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर गेल्याने त्याच अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या उघडीला) नॉइजच्या (चित्रातल्या दाणेदारपणाच्या) बाबतीत सव्वा स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आसपास फायदा होतो. तो खरा आहे, पण किट लेन्स सोडून एफ १.८ ची साधी प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावल्याने सव्वातीन स्टॉप मिळतात आणि त्यासाठी बॉडी बदलावी लागत नाही. इमेज स्टॅबिलायझेशनच्या जाहिरातींनाही या कामापुरते महत्त्व देऊ नका. त्याने तुमचा हात हलण्याचा दोष जातो, समोरच्या व्यक्तीचा हात हलतच राहतो. एफ २.८ ची झूम घ्यावी असे कोणी सुचवेल. तिने दोन स्टॉप मिळतील, म्हणजे चौपट प्रकाश; पण ती जड असते आणि तुमच्या रकमेचा मोठा भाग एकटी खाऊन टाकेल.

म्हणून माझा हिशेब असा आहे: रकमेचा किमान निम्मा भाग आधी लेन्ससाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात जी बॉडी बसेल ती वापरलेली घ्या. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ५० मिमी एफ १.८ एसटीएम आहे, निकॉनच्या एफ माउंटमध्ये क्रॉप सेन्सरसाठीची ३५ मिमी एफ १.८ जी आहे. दोन्ही छोट्या, हलक्या आणि आपापल्या घराण्यातल्या स्वस्त लेन्सपैकी आहेत. निकॉन घेणार असाल तर मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर बसतात, पण ऑटोफोकस करत नाहीत. लेन्सच्या नावात एएफ-एस (म्हणजे मोटर लेन्समध्येच) आहे ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

भाता:
मंदप्रकाश यांच्या हिशेबाशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून मी केवळ भविष्याच्या प्रश्नावर लिहितो.

‘बंद झालेले माउंट’ हा एकच शब्दप्रयोग आपण दोन अगदी वेगळ्या अवस्थांसाठी वापरतो आणि त्यातून विनाकारण भीती निर्माण होते. एखादे माउंट भरून झाल्यावर थांबते, तर एखादे भरण्याआधीच. निकॉनचे एफ माउंट १९५९ पासूनचे आणि कॅननचे ईएफ १९८७ पासूनचे. दोन्ही कंपन्यांनी २०१८ साली मिररलेससाठी झेड आणि आरएफ ही नवी माउंट आणली आणि त्यानंतर त्यांचे सारे लक्ष तिकडे गेले. पण तोवर जुन्या माउंटांसाठी इतक्या तऱ्हेच्या लेन्स बनून गेल्या होत्या की आपल्यासारख्या हौशी माणसाला लागणारी प्रत्येक लेन्स वापरलेल्या मालात कुठे ना कुठे सापडते. अशा माउंटला भविष्य नसले तरी चालते, कारण त्याचा भूतकाळ पुरेसा आहे. याच्या उलट सॅमसंगचे एनएक्स २०१० मध्ये आले, निकॉनचे वन २०११ मध्ये, कॅननचे ईएफ-एम २०१२ मध्ये. ही तिन्ही लेन्सची मांडणी पुरेशी भरण्याआधीच थांबली.

हा भेद मी पुस्तकातून शिकलेलो नाही. माझा दुसरा कॅमेरा अशाच एका अर्ध्या भरलेल्या माउंटचा होता. बॉडी उत्तम होती, रंग आजही डोळ्यांसमोर आहेत, आणि ती स्वस्त मिळाली म्हणून मी आनंदात होतो. तीन वर्षे मी एका लांब पल्ल्याच्या लेन्सची वाट पाहिली. ती आलीच नाही. विकायला काढला तेव्हा लेन्ससह कोणी घेईना. त्या तीन वर्षांत ज्या विषयासाठी कॅमेरा घेतला होता, तो विषय माझ्या हातून सुटला, याचे दुःख पैशांपेक्षा मोठे होते.

ईएफकडे माझा कल असण्याचे एक यांत्रिक कारणही आहे. ईएफमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिमी असते, आरएफमध्ये २० मिमी. मधले २४ मिमी भरून काढणारा अडॅप्टर म्हणजे विद्युत-संपर्क असलेली पोकळ नळी असते. त्यात काच नसते, त्यामुळे प्रतिमेची गुणवत्ता घटत नाही आणि ऑटोफोकसही चालू राहतो. आज घेतलेली ५० मिमी उद्याच्या आरएफ बॉडीवर तशीच चालेल. निकॉनच्या एफ आणि झेडमध्ये हे अंतर ४६.५ आणि १६ मिमी असल्याने तिथेही अडॅप्टर आहे, पण एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही, म्हणून स्वतःची मोटर असलेल्या, एएफ-एससारख्या लेन्सच पुढे नेण्याजोग्या. ईएफ-एम मात्र आरएफवर नेता येत नाही; तिचे अंतर १८ मिमी, म्हणजे आरएफपेक्षाही कमी आहे, आणि अडॅप्टरला जागाच उरत नाही. त्या माउंटच्या बॉडी आकर्षक भावात दिसल्या तरी मोहात पडू नका.

दुर्बीण:
वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, तरी एका मुद्द्यावर मला वेगळे मत मांडायचे आहे. एफ १.८ ने प्रकाश मिळतो, पण फोकसची खोली आकुंचन पावते. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी लेन्स एफ १.८ ला उघडी ठेवून तीन मीटरवरच्या माणसाचे छायाचित्र घेतले, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम वीतभर असतो. नर्तकी अर्धे पाऊल पुढे आली की डोळे त्या पट्ट्याच्या बाहेर जातात. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून पाहताना फोकस मोजणारा भाग सेन्सरपासून वेगळा असतो, त्यामुळे लेन्स आणि बॉडीची जोडी किंचित पुढे-मागे फोकस करते असा अनुभव येऊ शकतो, आणि तो दोष सुधारण्याची सोय प्राथमिक बॉडींमध्ये बहुधा दिलेली नसते. मिररलेसमध्ये मोजणी खुद्द सेन्सरवर होते. सोनीच्या २०१९ मधल्या ए६१०० आणि ए६४०० या बॉडी तर डोळ्याचा सतत माग ठेवतात. नृत्यासाठी ही सोय चैनीची म्हणता येणार नाही. सोनीचे ई माउंट २०१० पासूनचे आहे, क्रॉप आणि फुल फ्रेम दोन्हींना तेच चालते आणि सिग्माच्या ३० व ५६ मिमी एफ १.४ सारख्या लेन्स त्यात मिळतात. रक्कम तिथवर पोहोचत असेल, तर माझे मत ई माउंटला आहे. मात्र त्या दिव्यांखाली शांत, इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका. चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात.

रक्कम पोहोचत नसेल, तर बॉडीसाठी लेन्सचा बळी देऊ नका. डीएसएलआरवर मधला एकच फोकस-बिंदू वापरा आणि अ‍ॅपर्चर एफ २.२ वर ठेवा.

पक्ष्यांची चिंता आज नको. दिवसाच्या उन्हात मंद (कमी उघडणारी) लेन्सही चालते, आणि क्रॉप सेन्सरवर ३०० मिमी लेन्स ४५० मिमीइतका पल्ला दाखवते. दोन वर्षांनी जी एक लेन्स येणार आहे, ती हीच असू द्या.

वेलांटी:
आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आठवडाभरातली सगळी छायाचित्रे पुन्हा उघडून मी प्रत्येकाचा फोकल लेंग्थचा आकडा पाहिला. नृत्याची बहुतेक ४५ ते ५५ याच पट्ट्यात निघाली. त्यामुळे ५० मिमी मला अडचणीची होणार नाही. मिररलेस बॉडी घेतली तर लेन्ससाठी काहीच उरत नाही, हेही हिशेब करून पाहिले. म्हणून वापरलेला ईएफ माउंटचा डीएसएलआर आणि ५० मिमी एफ १.८ असे जवळजवळ नक्की केले आहे. वापरलेली लेन्स आणि बॉडी हातात आल्यावर नेमके काय पाहायचे, हे कृपया सांगाल का?

भाता:
सोबत एक छोटा टॉर्च न्या. लेन्सची दोन्ही झाकणे काढा, मागच्या बाजूने तिरका प्रकाश टाका आणि पुढून आत पाहा. धुळीचे चार कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, त्यांना घाबरू नका. काचेच्या कडेकडून आत पसरणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे; किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स परत ठेवा. सगळीकडे सारखे धुके दिसले तरीही नको. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा मात्र छायाचित्रात दिसतही नाही आणि त्यावर भाव करता येतो.

बॉडीवर एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घ्या, म्हणजे सेन्सरवरचे डाग उघडे पडतील. शटर किती वेळा चालले आहे ते विचारा. अनेक मध्यम बॉडींचे शटर कंपनीने १,००,००० उघडझापांसाठी तपासलेले असते. माउंटचे संपर्कबिंदू स्वच्छ आहेत का, बॅटरी फुगून तिच्या खणात अडकत तर नाही ना, हेही पाहा.

वेलांटी:
तीन आठवड्यांनी लिहीत आहे. पाहिलेल्या पहिल्या लेन्समध्ये टॉर्चच्या उजेडात कडेला चंद्रकोरीसारखी धाग्यांची जाळी दिसली. उघड्या डोळ्यांनी ती काच अगदी नितळ वाटत होती. भाता यांनी सांगितले नसते, तर मी ती आनंदाने घेऊन आले असते. दुसरी लेन्स स्वच्छ निघाली आणि बॉडीही मिळाली.

काल सरावाच्या खोलीत तीच जागा धरून उभी राहिले: एफ २.२, आयएसओ ३२००, शटर १/४००. बरीच छायाचित्रे फोकसबाहेर गेली, कारण मधल्या बिंदूवर चेहरा धरून ठेवायला अजून जमत नाही. पण एका छायाचित्रात बहिणीची सर्वांत धाकटी विद्यार्थिनी गिरकी घेत आहे, केस हवेत आहेत, आणि उजव्या हाताची पाचही बोटे वेगवेगळी मोजता येतात.