विषय: सिटिझनशिपचा अर्ज आत्ता भरू की काँट्रॅक्ट संपल्यावर?

मंडळातल्या ताई-दादांनो,

मी नर्स आहे. ईबी-३ मधून (नोकरीच्या आधारावरच्या वर्गातून) ग्रीन कार्ड झालं आणि १८ जून २०२१ ला मुलाला घेऊन अमेरिकेत उतरले. गेल्या वर्षापासून ट्रॅव्हल नर्सिंग करतेय. घर टेक्ससमध्ये, सध्याचं १३ आठवड्यांचं काँट्रॅक्ट ओहायोत. २०२३ मध्ये आईच्या बायपाससाठी साडेपाच महिने भारतात होते. सोबतच्या नर्सेस म्हणतात, एका जागी स्थिर झालीस की अर्ज कर. मुलगा जानेवारी २०२७ मध्ये अठराचा होईल. काय करू?

---

ताई,

थांबू नका. मुलाचं वय वाचलं आणि नाइट ड्यूटीवरून आल्या आल्या लिहायला बसले.

तुमचा शपथविधी त्याच्या अठराव्या वाढदिवसाच्या आत झाला, तर तो आपोआप नागरिक होतो. मात्र त्याचं ग्रीन कार्ड हवं आणि तो तुमच्या ताब्यात, तुमच्यापाशी राहत असायला हवा. नुसता अर्ज गेलेला असून भागत नाही, शपथ व्हावी लागते. मी माझा अर्ज चार महिने लांबवला, म्हटलं जरा ड्यूट्या मार्गी लागू देत. लेकीचा वाढदिवस गेला आणि अकराव्या दिवशी माझी शपथ झाली. मग तिचा वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळी परीक्षा. ती एका शब्दाने बोलली नाही, पण ते अकरा दिवस मला अजून टोचतात.

कार्डावरची 'रेसिडेंट सिन्स' तारीख बघा. पाच वर्षं पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरता येतो. ती तारीख १८ जूनच असेल, तर तुमचा पहिला दिवस २० मार्च २०२६. त्याच्या एक दिवसही आधी नको, अर्ज नाकारतात.

साडेपाच महिन्यांची धास्ती घेऊ नका. सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की वास्तव्य तुटलं असं धरतात आणि नोकरी, घर सोडलं नव्हतं हे आपल्याला दाखवावं लागतं. वर्षभर राहिलं तर तुटतंच. तुम्ही त्याच्या आत परतलात. पाच वर्षांत मिळून निदान ९१३ दिवस इथे असायला हवेत, तेही तुमचे सहज भरतात. जायचा आणि यायचा दिवस इथलाच धरतात. पासपोर्टवरचे शिक्के समोर ठेवून प्रत्येक प्रवास वहीत उतरवून काढा, फॉर्ममध्ये सगळे विचारतात.

खरा घोळ पत्त्याचा. ज्या राज्यातून अर्ज कराल, तिथे अर्जाआधीचे तीन महिने राहणं लागतं, आणि आपल्यासारख्या फिरत्या नर्सेस इथेच अडकतात. दोन राज्यांत राहणं असेल तर फेडरल टॅक्स रिटर्न कुठून भरता ते बघतात. तुमचं टेक्ससहून जात असेल, तर तोच पत्ता द्या आणि घराचं भाडं, लाइट बिल जपून ठेवा. घर बदललंत तर दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवायचं, हे काँट्रॅक्टच्या गडबडीत हमखास राहतं.

फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०. परीक्षा आता नवी: १२८ प्रश्नांतले २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. मी गाडीत ऑडिओ लावून पाठ केले. तुम्ही रोज इंग्रजीत चार्टिंग करता, वाचायला-लिहायला देतात ती वाक्यं फार सोपी वाटतील.

---

ताई, वाचताना डोळे भरून आले. २० मार्चची रजा टाकलीय. एकच विचारते, मे महिन्यात आईला भेटून येऊ का?

---

जाऊन या, पण पंधरा-वीस दिवसांतच परत फिरा. बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे, फोटो), इंटरव्ह्यूची नोटीस कधीही येते आणि तारीख चुकली की सगळं पुढे जातं. टेक्ससची टपाल बघायला कुणाला तरी सांगून ठेवा.

शपथेनंतर मात्र तिकीट काढताना जपा. ग्रीन कार्ड तिथेच परत घेतात आणि आपलं भारतीय नागरिकत्वही त्याच दिवशी संपतं, त्यामुळे जुन्या पासपोर्टवर प्रवास करता येत नाही. आधी अमेरिकन पासपोर्ट, मग भारताचा व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड). जुना पासपोर्ट सरेंडर करावा लागतो, त्याचं सर्टिफिकेट ओसीआयला लागतं. आईचं दुखणं आहे म्हणून सांगते, शपथेच्याच आठवड्यात पासपोर्टला अर्ज करा. मुलाचाही सोबतच करा.

१९ मार्चला रात्री फॉर्म भरून ठेवा आणि मला फोन करा, सबमिट करण्याआधी आपण दोघी मिळून एकदा वाचू.