सुवर्णकमळाचा अंदाज दरवर्षी का चुकतो? आणि पाडव्याच्या मतदानाचा तिढा

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. आमच्या घरी वर्षातून दोनदा सिनेमावर मतदान होतं आणि आम्ही ते मनापासून करतो. मार्चमध्ये ऑस्करच्या दिवशी पहाटे साडेपाचला चहा ठेवायचा आणि आदल्या रात्री प्रत्येकानं लिहून दिलेल्या चिठ्ठ्या एकेक करून तपासायच्या. दुसरं मतदान दिवाळीच्या पाडव्याला. बाबा, आत्या, काका-काकू आणि भाचरं धरून आम्ही अकरा जण जमतो आणि गेल्या पाडव्यापासून पाहिलेल्यांपैकी वर्षाचा आवडता चित्रपट ठरवतो. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. याची वही तेच ठेवतात, आणि चित्रपटाचं नाव अजून शाईच्या पेनानंच लिहितात.

पहिला प्रश्न राष्ट्रीय पुरस्कारांचा. ऑस्करला आमचे निम्म्याहून जास्त अंदाज बरोबर येतात, पण सुवर्णकमळाला, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराला, आजवर एकदाही जमलेलं नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये ‘हेल्लारो’ला मिळालं. चित्रपट गुजराती, आम्ही राहतो गुजरातेत, आणि घरात कुणी नावही ऐकलेलं नव्हतं! त्याआधी ‘कोर्ट’च्या वेळीही हेच झालं. २०२५मध्ये १ ऑगस्टला ‘ट्वेल्थ फेल’चं नाव आलं, तेव्हा भाची म्हणाली, "हा तर कधीचा जुना आहे!" यात काही धागा आहे का?

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे. यंदा हात वर करून मतं घेतली. ‘सैयारा’ला पाच, ‘दशावतार’ला चार, ‘होमबाउंड’ला दोन. वहीत ‘सैयारा’ लिहायचं ठरलं, तेव्हा आत्या म्हणाली, "अकरातल्या सहा जणांना नको असलेला चित्रपट घराचा आवडता कसा?" आणि बासुंदी न खाता उठली. बाबांनी पेन बंद करून ठेवलं. पान अजून कोरंच आहे.

रावपुरा_टॉवर

तुमचा पहिला घोळ वर्षाचा आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रपटाचं वर्ष ठरतं सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरून. थेटरात कधी लागला याला महत्त्व नाही. ‘हेल्लारो’चं प्रमाणपत्र २०१८चं, म्हणून तो ऑगस्ट २०१९मध्ये जिंकला आणि लोकांना पाहायला मिळाला नोव्हेंबरात. ‘कोर्ट’ २०१४च्या यादीतला. पुरस्कार जाहीर झाला मार्च २०१५ला आणि चित्रपट लागला एप्रिलमध्ये. ‘ट्वेल्थ फेल’चं उलट झालं. लागला ऑक्टोबर २०२३मध्ये, पण त्या वर्षाचे पुरस्कारच पावणेदोन वर्षांनी आले. तेव्हा चिठ्ठीवर आधी ‘कोणत्या वर्षाचे पुरस्कार’ ते लिहा.

त्याहून मोठा फरक मतदारांचा. ऑस्करला नऊ हजारांहून जास्त मतदार असतात, आणि त्यांतले बरेच जण दिग्दर्शकांच्या, निर्मात्यांच्या, नटांच्या गिल्डमध्येही, म्हणजे व्यावसायिक संघटनांमध्येही, असतात. गिल्डचे पुरस्कार आधी लागतात, त्यामुळे हवा कळते. राष्ट्रीय पुरस्कारांना आधी नामांकनंच जाहीर होत नाहीत. पाच प्रादेशिक समित्या चाळणी लावतात, मग केंद्रीय समितीतले दहा-बारा लोक बसून चर्चा करून ठरवतात. एका सदस्यानं जीव तोडून बाजू मांडली तर निकाल फिरू शकतो. त्याचं गणित बाहेरून कसं मांडणार?

तरी मी एक खूण धरतो. गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवात इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागाला काय निवडलंय आणि परदेशी महोत्सवांत काय गाजलंय, ते वर्षभर टिपून ठेवतो. ‘कोर्ट’ व्हेनिसला जिंकून आला होता. ‘आट्टम’नं २०२३च्या पॅनोरमाची सुरुवात झाली होती. २०२४मध्ये सुवर्णकमळासाठी मी तोच लिहिला आणि तो आला. त्या दिवशीचा आनंद मला अजून पुरतोय.

निवृत्त_बाई

रावपुरा, महोत्सवांवर इतकी भिस्त ठेवू नका. ‘ट्वेल्थ फेल’ साध्या प्रेक्षकांनी उचलून धरलेला चित्रपट होता.

दांडियाबाजारकर, तुम्ही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटापासून सुरुवात करा. तिथे एका वर्षाचे मराठी चित्रपटच पाहायचे असतात, त्यामुळे आवाका हातात राहतो. २०२२साठी ‘वाळवी’, २०२३साठी नवा ‘श्यामची आई’, हे दोन्ही मी बरोबर सांगितले होते. अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला १९५३चं, म्हणजे अगदी पहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक (आजचं सुवर्णकमळ) मिळालं होतं, आणि सत्तर वर्षांनंतरच्या चित्रपटालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी वर्गात ते पुस्तक कितीदा वाचून दाखवलंय! जाहीर झालं तेव्हा माझे डोळे भरून आले. आणि फाळके आपल्या कलाभवनात शिकले, तेव्हा या गावानं सिनेमाचं मतदान एवढं जिवाला लावून घ्यावं, यात मला काही नवल वाटत नाही.

अलकापुरी_१२

दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. तुमच्या आत्याबाईंचा आक्षेप बरोबर आहे, आणि ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाला त्यावर उपाय केलेला आहे. बाकी विभागांत ज्याला जास्त मतं तो जिंकतो. या एका विभागात मात्र मतदार दहा चित्रपटांना पसंतीक्रम देतात. आपल्याकडे राष्ट्रपतिपदाला आमदार-खासदार एक, दोन, तीन असे आकडे लिहितात ना, तसंच. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळातला चित्रपट बाद करायचा आणि त्याच्या चिठ्ठ्यांवरची पुढची पसंती बघून मतं वाटायची. बहुमत होईपर्यंत हेच करत राहायचं.

त्यामुळे काहींना प्रचंड आवडणारा आणि बाकीच्यांना न रुचणारा चित्रपट मागे पडू शकतो. २०२२मध्ये ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला बारा नामांकनं होती, हाती आलं एकट्या दिग्दर्शनाचं. ‘कोडा’ला तीनच नामांकनं आणि तिन्ही जिंकली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटही. माझ्या मते तो बहुतेकांच्या यादीत वर कुठेतरी असणार. निर्मात्यांच्या गिल्डची पद्धतही अशीच पसंतीक्रमाची आहे आणि तिथेही ‘कोडा’च जिंकला होता. म्हणून या विभागासाठी मी आधी त्यांचा निकाल बघतो. तोही चुकतो, २०२०मध्ये त्यांनी ‘१९१७’ निवडला होता आणि ऑस्कर ‘पॅरासाइट’नं नेलं.

तुमच्या घरी अकरा मतं, म्हणजे बहुमत सहाचं. ‘होमबाउंड’ बाद होईल आणि त्या दोन चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती निकाल लावेल. दोघांनी ‘दशावतार’ लिहिला असेल तर तो सहावर जाईल. चिठ्ठ्या पुन्हा घ्या.

दांडियाबाजारकर

सगळ्यांचे आभार. प्रमाणपत्राच्या वर्षाचं मला खरंच माहीत नव्हतं. २०२४च्या मराठी चित्रपटांची यादी करायला घेतली आहे.

रविवारी सगळ्यांना पुन्हा बोलावलं, कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि एक, दोन, तीन लिहायला सांगितलं. पहिल्या पसंतीत फरक पडला नाही, पाच-चार-दोनच. ‘होमबाउंड’च्या दोन चिठ्ठ्या आत्याच्या आणि बाबांच्या. आत्यानं दुसरा ‘दशावतार’ लिहिला होता. झाले पाच-पाच. बाबांची चिठ्ठी उघडली तर दुसऱ्या क्रमांकावर ‘सैयारा’.

काका म्हणाले, दादा, चुकून लिहिलंस का? पोरांची गाणी लागली की उठून गॅलरीत जाणारा माणूस हा. बाबा म्हणाले, "त्या मुलीला विसरायला होतं, आणि तो तिला रोज नव्यानं भेटायला तयार असतो." आईची शेवटची दोन वर्षं आम्हाला सगळ्यांना आठवली. ती बाबांना "आपण कुठले?" असं विचारायची आणि ते प्रत्येक वेळी "बडोद्याचा" म्हणून सांगायचे.

आत्यानंच पेनाचं टोपण काढून त्यांच्या हातात दिलं. वहीत ‘सैयारा’ लिहिलंय, सहा विरुद्ध पाच. बासुंदी पुन्हा केली होती.