अनुभव धागा: बस, बोट आणि पुन्हा बस

अटल सेतूचं १२ जानेवारी २०२४ला उद्घाटन झालं तेव्हा आमच्या इमारतीत एकमत होतं की गेटवेहून अलिबागकडे जाणाऱ्या बोटी आता संपल्या. डिसेंबरातल्या कुठल्याही शनिवारी सकाळी गेटवेला जाऊन रांग बघा, मग बोलू. ज्याच्याकडे चारचाकी नाही त्याच्यासाठी मुंबई अजूनही बेटच आहे. या बोटी पलीकडे मांडव्याच्या धक्क्याला लागतात, ते समुद्रातून १९ किलोमीटर. रस्त्यानं अलिबाग गाठायचं तर पनवेल, पेण, वडखळ करत शंभरेक किलोमीटर, आणि वडखळला वाहतूक कशी अडते ते सगळ्यांना माहीत आहे.

सीगल, ताज आणि सूर्यास्त यांवर भरपूर लिहून झालंय, ते इथे नको. मला हवेत सांध्याचे अनुभव. बोटीतून उतरल्यावर बस मिळते का? पावसाळ्यात काय करता? सुकतीला, म्हणजे ओहोटीला? म्हातारी माणसं आणि सामान असेल तर? मुंबईचंच हवं असं नाही, दुसरं बेट असेल तरी लिहा.

पांढरा कांदा (अलिबाग)

दर आठवड्याला जाऊन-येऊन असतो, म्हणून मीच सुरुवात करतो. गेटवेला काउंटरवर तिकीट काढलंत की त्यातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. तिकीट जपून ठेवा, बसमध्ये चढताना दाखवावं लागतं. बोटीला पाऊण ते एक तास, पुढे बसला पाऊण तास.

मांडव्याला बोट लागायच्या आधी जे उठून दाराशी जातात ते अलिबागचे. बसून फोटो काढत राहतात ते मुंबईचे. जेटीवरून बसपर्यंत बरंच चालायचं असतं आणि खिडकीची जागा त्या चालण्यावर ठरते. मधल्या वारी मात्र अजिबात धावू नका, बस बोटीसाठीच थांबलेली असते. आवास-सासवण्याला जायचं असेल तर बसमध्ये चढूच नका, जेटीबाहेर रिक्षा मिळते. किहीमवाल्यांनी चोंढीला उतरावं.

आता परतीचं, कारण घोटाळा तिथेच होतो. तिकिटावर जी वेळ ती मांडव्याहून बोट सुटण्याची. अलिबागहून बस त्याच्या तासभर आधी निघते. पाचची बोट म्हणून पाचला पाच मिनिटं कमी असताना अलिबागच्या स्टँडवर वडापाव खात उभी असलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. आणि मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत या बोटी बंद, हे दरवर्षी नव्यानं विचारलं जातं.

डॉकयार्ड रोड

आमच्या काळी मांडवा नाही, रेवस. भाऊच्या धक्क्यावरून लाँच. हा धक्का १८४१ साली लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, म्हणजेच भाऊ, यांनी बांधला. सरकारनं नव्हे, एका माणसानं. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरायचं, मासळीच्या पाट्यांमधून वाट काढत धक्का गाठायचा. लाँचमध्ये निम्मी माणसं आणि निम्मं सामान. जाताना शहरातून घेतलेल्या बादल्या, पत्रे, सायकली. येताना वालाची पोती, कलिंगडं, पांढऱ्या कांद्याच्या माळा.

रेवसला एसटी लाँचची वाट बघत उभी असे. कंडक्टर स्वतः जेटीवर येऊन बघायचा किती माणसं येताहेत. सुकती असली की लाँच दूर खाडीत थांबायची, मग होडी, आणि होडीही टेकली की चिखल. बायका लुगडी वर खोचून निघायच्या, लहान मुलं खलाशांच्या खांद्यावर. एसटीत सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत करडे. कंडक्टर काही बोलायचा नाही, त्याचेही तसेच असत.

माझी आजी मात्र आषाढात लाँचवर पाय ठेवायची नाही. १७ जुलै १९४७ला रामदास बोट याच धक्क्यावरून सकाळी रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या गावातले होते त्यात. स्वातंत्र्याला महिना राहिला होता, आमच्या आळीत पंधरा ऑगस्टला कुणी दिवे लावले नाहीत असं आजी सांगायची. ती पुढे जन्मभर आषाढ-श्रावणात मुंबईला यायची झाली तर दोन बस बदलून, पनवेलवरून यायची, आणि दिवस गेला तरी कुरकुर करायची नाही. पावसाळ्यात बोटी बंद ठेवतात म्हणून चिडणाऱ्या तरुण मंडळींना मी एवढंच सांगतो की बंद ठेवतात ते बरं करतात.

मोरेश्वर नव्हे, मोरा

उरणचा. भाऊचा धक्का ते मोरा लाँच आमची लोकल. रेल्वे आता उरणपर्यंत आली, तरी दक्षिण मुंबईत काम असलेल्यांना लाँचच सोयीची. फक्त मोऱ्याला गाळ आहे, सुकतीला लाँच लागत नाही. वेळापत्रकापेक्षा पंचांग कामाला येतं, हे चेष्टेनं लिहीत नाही.

हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर, नऊच्या सुमाराला, पूर्ण सुकती. अष्टमीला सहाला भरती, बाराला सुकती. एकादशीला सव्वाआठ. थोडं इकडेतिकडे होतं, पण घरातून कधी निघायचं हे कळायला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं, तेव्हा सकाळ-संध्याकाळची सुकती जास्त जपायची. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाण्याची चढ-उतार कमी, त्या दिवसांत लाँचचे हाल कमी.

ऑफिसात साहेबांना उशिराचं कारण 'द्वितीया होती' असं सांगणारा बहुधा मी एकटाच असेन. (द्वितीयेला भरती दीड वाजता, सुकती साडेसातला. नेमकी आमची लाँच.)

चेंबूरची सून

सासूबाईंचे गुडघे आणि लाकडी फळीवरून बोटीत चढणं हे जमणारं नाही. खलाशी हात देतात, अगदी प्रेमानं 'आजी, सावकाश' म्हणतात, पण बोट वरखाली होत असते आणि आजींचा जीव वरच. म्हणून आम्ही रो-रोनं जातो. भाऊच्या धक्क्याच्या बाजूलाच टर्मिनल आहे, गाडी सरळ पोटात जाते, मांडव्याला सरळ बाहेर येते. १५ मार्च २०२०ला ती सेवा सुरू झाली आणि लगेच टाळेबंदी लागली, त्यामुळे पहिल्या वर्षी कुणाला पत्ताच नव्हता.

पावसाळ्यातही चालते, हवामान बिघडलं तर रद्द होते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या दिवशी सकाळी चौकशी केल्याशिवाय डबे भरत नाही. गाडीशिवाय नुसती माणसंही जाऊ शकतात, पण मग पलीकडे रिक्षाचं तुमचं तुम्ही बघायचं. स्वस्त नाही, हेही खरं. आम्ही सणालाच परवडवतो.

बुलेट नाही, स्प्लेंडर

अटल सेतूवर दुचाकीला बंदी. म्हणून ठाण्याहून अलिबागला जाताना मी उरण गाठतो, तिथून करंजा, आणि तरीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या बोटीत, बाईक घालून रेवस. बाईक फळीवरून चढवताना दोघं धरतात, तुम्ही फक्त हँडल सरळ ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांची खाडी. द्रोणागिरी मागे राहतो, आणि पेण-वडखळचा सगळा फेरा वाचतो. बाईक नसली तरी चालतं: उरणपर्यंत लोकल, करंज्यापर्यंत रिक्षा, पुढे तरीनं रेवस, रेवसहून एसटी. चार वाहनं, पण कुठेच अडकत नाही. तिथे आता पुलाचं काम चालू आहे. तरीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, 'होईल तवा होईल, तू पाय आत घे.'

राजबंदर

माझं माहेर घारापुरी. लोकांना एलिफंटा म्हटलं की लेणी दिसतात, आम्हाला शेवटची बोट दिसते. संध्याकाळी पर्यटकांची शेवटची बोट गेटवेला निघाली की बेट आमचं. लेणी सोमवारी बंद असतात, त्या दिवशी बोटीही कमी, म्हणून माहेरी जायला मी सोमवार टाळते.

बेट दिसतं मुंबईतून, पण तालुका उरण आणि जिल्हा रायगड. दाखला, सातबारा, मतदानाचं काम, काहीही असलं तरी आधी होडी, मग उरणची रिक्षा किंवा बस. अलिबागला जिल्ह्याच्या ठिकाणी काम निघालं तर दिवस गेलाच समजा. समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८मध्ये, त्याआधी जनरेटर संध्याकाळी काही तास. समोर कुलाब्याचे दिवे रात्रभर जळायचे आणि आम्ही अंधारात बसून ते बघायचो.

१८ डिसेंबर २०२४ला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून घारापुरीला येणारी प्रवासी बोट बुडाली. तेव्हापासून लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोट सोडत नाहीत. लोक घामाची तक्रार करतात, बोट सुटली की बंद सोडतात. मी गप्प बसत नाही. ओळख नसली तरी शेजारणीला सांगते, 'ताई, बंद लावा.' एकदा एका बाईंनी विचारलं, तुम्ही बोटीवर कामाला आहात का. म्हटलं, तसं समजा.

मांडवीचो (पणजी)

आमच्याकडे बेटं नदीत आहेत. पणजीहून कदंबा बसनं जुने गोवे, तिथून व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलात की फेरीचा धक्का. पलीकडे दिवाडी. पायी आणि दुचाकीवाल्यांना फेरी फुकट. पाच-सात मिनिटांचं पाणी, बोलायला सुरुवात केली की उतरावं लागतं.

सप्तकोटेश्वर ज्यांचं दैवत आहे त्यांनी ही वाट एकदा करावी. मूळ देऊळ दिवाडीवरच होतं. पोर्तुगीजांच्या काळात देव नदीपलीकडे डिचोलीच्या नार्व्याला नेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये केला. गाडीनं थेट नार्व्याला जाता येतं. पण जुने गोवे ते दिवाडी एक फेरी, बेट ओलांडून दिवाडी ते नार्वे दुसरी फेरी, असं गेलात तर देव ज्या पाण्यावरून गेला तेच पाणी ओलांडता. ऑगस्टात बोंदेरामच्या, म्हणजे दिवाडीच्या उत्सवाच्या, दिवशी मात्र जाऊ नका. म्हणजे बोंदेराम बघायला जा, देवदर्शनाला नको, फेरीवर पाय ठेवायला जागा नसते.

पावसातला (व्हँकूवर)

इथे बसच बोटीत जाते. व्हँकूवर शहर मुख्य भूमीवर, प्रांताची राजधानी व्हिक्टोरिया समोरच्या व्हँकूवर बेटावर. शहरात कोचमध्ये बसायचं, कोच त्सावासन धक्क्यावर जाऊन फेरीच्या पोटात शिरतो, दीड तासानं स्वार्ट्झ बे, आणि त्याच कोचनं पुढे व्हिक्टोरिया.

आईबाबा आले होते तेव्हा त्यांना नेलं. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. बस बोटीत शिरली तेव्हा ते जागेवरून उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभे राहिले, मला लाजच वाटली, पण ड्रायव्हर हसत होता. प्रवासात वाहनांच्या डेकवर थांबू देत नाहीत, वर जावं लागतं. आई पिशव्या सोडून यायला तयार नाही, कुलूप कुठंय म्हणे. वर गेल्यावर ॲक्टिव्ह पास नावाच्या अरुंद सामुद्रधुनीत दोन्हीकडे बेटं इतकी जवळ येतात की फेरी भोंगा वाजवत वळते. सगळे फोटो काढत होते. बाबांचं लक्ष घड्याळाकडे. खाली बसपाशी जमायची घोषणा झाली तसे ते आम्हाला घेऊन पहिल्यांदा पोचले आणि एकेक प्रवासी चढताना ओठातल्या ओठात मोजत बसले. ड्रायव्हरनं मोजून झाल्यावर बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. बस निघाली.

नवी सदस्य

सगळं वाचलं, छान. नोव्हेंबरात सहा जण, एक बाळ आणि दोन ज्येष्ठ, गेटवेहून किहीम. मला बोट लागते. काय करू?

पांढरा कांदा (अलिबाग)

सकाळची लवकरची बोट घ्या, दुपारी वारा वाढतो. खालच्या डेकवर मध्यभागी बसा, बाहेर दूर बघत राहा, मोबाईलमध्ये बघू नका. उपाशी निघू नका आणि गच्च खाऊनही नको. ज्येष्ठांना बोटीत चढताना आधी सामान आत देऊन हात मोकळे ठेवायला सांगा, बाळ खलाशाकडे द्या, ते सवयीचे असतात. चोंढीला उतरायचंय हे बसमध्ये चढतानाच ड्रायव्हरला सांगा. नंतर सांगितलंत तर थळच्या वळणावरून मागे चालत यावं लागेल, आणि रिक्षावाला सहा जण, बाळ न् सामान बघून भाव वाढवेल.