मदत हवी आहे : १९८६ च्या पद्मिनीला डिस्क ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग

नमस्कार मंडळी. बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी ठाण्यात आमच्याकडे अजून धावते आहे. बाबा बहात्तर वर्षांचे, पण गाडी तेच चालवतात. मागच्या महिन्यात गायमुखच्या उतारावर पुढचा टेम्पो अचानक थांबला, तेव्हा त्यांना पेडलवर अक्षरशः उभं राहावं लागलं. मी शेजारीच बसलो होतो. गाडी विकायची नाही, हे पक्कं.

त्यामुळे आधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम, पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोचवणारा) एकाच सर्किटचा. एक पाइप फुटला तर सगळेच ब्रेक जातात. पुढे डिस्क, व्हॅक्यूम बूस्टर आणि टँडम (दोन वेगळ्या सर्किटचा) सिलिंडर बसवायचा विचार आहे. एक गॅरेजवाला म्हणतो, जुनाच सिलिंडर चालेल. मला ते पटत नाही. ड्रमच्या सिलिंडरमधला व्हॉल्व्ह लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो, मग पॅड डिस्कला घासत राहणार ना? आणि १४ इंची रिममध्ये कोणत्या गाडीचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) नीट बसतात?

स्टिअरिंगसाठी मारुतीचा जुना इलेक्ट्रिक कॉलम (मोटरने जोर देणारा स्टिअरिंगचा दांडा) लावावा असं वाटतं. पंप-पट्ट्याची भानगड नाही. पण गाडी वळवताना त्याची मोटर बराच करंट ओढते, तर अल्टरनेटर किती अँपिअरचा घ्यावा? किंगपिनचं (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीचं) ग्रीसिंग आणि टायरची हवा तपासून झाली आहे, तरी पार्किंगमध्ये बाबांचे खांदे भरून येतात.

ठाणे-नवी मुंबईत हे काम स्वतःच्या गाडीवर कोणी करून घेतलंय का? आरटीओची परवानगी कशी घेतलीत? फोटो असतील तर जरूर टाका.